तळाशी आधी कोण पोचलं?

उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्राच्या तळाशी तेल सापडलं आणि त्यावरून दोन देश भांडू लागले. वाटाघाटींसाठी दोन्हीकडचे मंत्री किनाऱ्यावरच्या एका कोळीवस्तीत उतरले. भर बैठकीत वस्तीतली म्हातारी पिपालुक उठून म्हणाली, "साहेब, तळ खोदलात तर मासे निघून जातील. मग आम्ही खायचं काय? हा समुद्र आमचाही आहे."

एका मंत्र्याला हसू आलं. "आजीबाई, आमच्या पाणबुडीनं तळाशी जाऊन झेंडा रोवलाय. जो आधी तळाशी पोचला, त्याचा समुद्र. तुमच्यातलं कुणी पोचलंय का तिथं?"

दुसऱ्या देशाचा मंत्रीही खो खो हसला.

"पोचलेत की," पिपालुक म्हणाली. "माझा नवरा पोचला. त्याच्यामागून दोन्ही मुलगे पोचले. वादळात होड्या उलटल्या, ते वर आलेच नाहीत. तुमचा झेंडा खाली आला तेव्हा ते तिथंच होते. त्यांना विचारलंत का?"

हसणं थांबलं.

त्या संध्याकाळी दोन्ही देशांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं: पुढची बैठक दूर राजधानीत घ्यायची आणि वस्तीतल्या कुणालाही बोलवायचं नाही.