भेटीच्या वेळेतली बोचकी

"हे बोचकं कुणाचं?"

"माझं."

"आणि ते निळ्या साडीत बांधलेलं?"

"तेही माझं."

"तो स्टो? ती चटई? ती बादली?"

"माझा. माझी. माझीच."

उमाकांत बोराडेच्या हातातलं पेन थांबलं.

हा उमाकांत महापालिकेच्या अतिक्रमण पथकाचा निरीक्षक. समोर सरकारी दवाखान्याच्या भिंतीला पाठ टेकून बसलेले लतीफशा फकीर, ते त्याचे गुरू. नऊ वर्षं दर गुरुवारी हा गडी त्यांच्या पायाशी येऊन बसायचा. आज गुरुवार नव्हता, आणि आज तो बसलाही नाही. त्याच्या मागे ट्रक उभा होता, ट्रकजवळ सहा माणसं आणि मुकादम शिरतोडे.

त्या फुटपाथवर गावोगावच्या पेशंटांचे नातेवाईक राहतात. माणूस आत खाटेवर, आणि बाहेर त्याचा सगळा संसार बोचक्यात. चार ते सहा भेटीची वेळ. घंटा झाली की झाडून सगळे आत पळतात. जाताना बाबांना म्हणतात, "बघा हं." बस्स, एवढंच. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

आता बोराडेसाहेबांची हुशारी ऐका. नियम असा, की सामानापाशी मालक असेल तर आधी चोवीस तासांची नोटीस त्याच्या हातात द्यायची. मालक नसेल तर सामान बेवारस. ते सरळ उचलायचं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात तीस दिवस ठेवायचं. ज्याचं असेल त्यानं ओळखपत्र घेऊन यावं आणि सोडवून न्यावं. मग साहेब काय करायचे? मालक कधी नसतात ते आधी हेरून ठेवायचे आणि नेमके तेव्हाच ट्रक घेऊन यायचे! महिन्याभरात अकरा फुटपाथ साफ केले पठ्ठ्यानं. एक भांडण नाही, एक शिवी नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

इथं बाबा बसलेले असणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्यांनी आपली झोळीसुद्धा कधीच कुणाला तरी देऊन टाकलेली. अशा माणसाचं सामान ते काय असणार, असं धरून तो चालला... आणि तिथंच फसला.

"बाबा, ही चाळीस बोचकी आहेत. चाळीसही तुमची?"

"मोजलीस तूच. मी कुठं मोजली?"

शिरतोडेला हसू आलं. साहेबांनी वळून पाहिल्यावर ते त्यानं खोकल्यात दडवलं.

उमाकांत खाली वाकला. आवाज हळू केला.

"बाबा, लोकांसमोर का माझी शोभा करताय? तुम्हीच शिकवलंत मला, 'माझं' म्हणणं सोड. मी सोडलं. आणि आज तुम्ही स्वतः..."

"शिकवलं होतं खरं. तू काय काय सोडलंस?"

"सगळं!" उमाकांत ताठ झाला. इतक्या वर्षांनी बाबांनी विचारलं, त्याला बरंच वाटलं. "रोज ट्रकभर सामान उचलतो. भांडी, गाद्या, देव्हारे. एका वस्तूवर जीव जडत नाही. मागून गोदामात येऊन कुणी रडलं, ओरडलं, माझं मन हलत नाही."

बाबा हसले. इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं.

"अरे, ते तर लोकांचं सोडलंस!"

उमाकांतच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नऊ वर्षांत त्याला कुणी असं भर रस्त्यात बोललं नव्हतं. आणि बोलणारा तरी कोण, तर ज्याच्या पायावर तो डोकं ठेवत आला तो.

"ठीक आहे. मग पंचनामा होईल. तुमचं आहे ना? सांगा, ह्या बोचक्यात काय आहे?"

"मला काय ठाऊक?"

"आत काय आहे ते ठाऊक नाही, आणि म्हणे माझं!"

"तुझ्या पोटात काय चाललंय ते तुला कळतं? तरी पोट तुझंच ना रे?"

ट्रकजवळची सहाही माणसं फिदीफिदी हसली.

"पुरे!" उमाकांत ओरडला. "खोटं लिहून दिलंत तर गुन्हा होतो, बाबा. तुमच्यावर. मी आडवा येणार नाही."

"नको येऊस. लिही, लतीफशा, राहणार ह्याच भिंतीला. मालक. आण अंगठा लावतो."

"आणि मी तरी उचललं तर?"

"उचल की! तुझ्याकडे ट्रक आहे, माणसं आहेत. मी म्हातारा काय अडवणार? पण कागदावर बेवारस लिहायचं नाही. एकाही बोचक्यापुढं ते लिहू देणार नाही मी. मालक समोर बसला होता, नाही नाही म्हणत होता आणि मी त्याच्यासमोर उचललं, असं लिही. तुझ्या सहीनं लिही."

उमाकांतनं कागदाकडे पाहिलं. असं लिहायला त्या कागदावर रकानाच नव्हता.

"शिरतोडे, बघता काय? घ्या ते निळं!"

शिरतोडेनं निळ्या साडीतलं बोचकं उचललं. एवढ्यात फाटकातून एक बाई धापा टाकत आली. पदर खोचलेला, पायात चपला नाहीत. तिनं ट्रककडे पाहिलंसुद्धा नाही. शिरतोडेच्या हातातून बोचकं ओढलं आणि शेजारी उभ्या उमाकांतच्या पोटाशी लावलं.

"धरा वो दादा जरा. डागदर जुना फोटू मागत्यात. आत्ता पायजेल म्हणत्यात, न्हाईतर आपरेशन फुडं ढकलत्यात..."

तिनं गाठ सोडली. टॉवेल, बांगड्यांची डबी, पोराचं टोपडं, सगळं त्याच्या हातांवर उपसलं. तळातून एक्स-रेचं मोठं पाकीट काढलं आणि छातीशी धरलं.

"गाठ मारा तेवढी," म्हणाली, आणि आली तशी पळाली.



गोदाम शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीस दिवस. ओळखपत्र घेऊन यावं... हा नियम उमाकांतला तोंडपाठ होता. आज पहिल्यांदाच तो नियम हातात धरून उभा होता, आणि त्याला तो धरवेना. टोपडं खाली पडलं. त्यानं ते उचललं, झटकलं, आत ठेवलं. गाठ मारली. दोनदा सुटली.

बाबा बघत होते. मदतीला हात पुढं केला नाही.

"साहेब," शिरतोडे हळूच म्हणाला, "टाकू का गाडीत?"

"...नको."

उमाकांतनं बोचकं भिंतीला लावून ठेवलं. मग शर्ट नीट केला, घसा खाकरला. एवढ्या माणसांसमोर रिकामा ट्रक परत न्यायचा होता, तेव्हा काहीतरी साहेबासारखं बोलणं भाग होतं.

"नोटीस लिहा, शिरतोडे. मालक लतीफशा. चोवीस तास." मग बाबांकडे वळला. "नियम म्हणजे नियम, बाबा. उद्या बरोबर ह्याच वेळेला येतो."

बाबांनी नोटीस घेतली. अंगठ्याची शाई भिंतीला पुसली.

"ह्या वेळेला नको, बेटा. ह्या वेळेला चोर येतात, म्हणून तर मी बसतो. तू सहानंतर ये... सगळे असताना."