सावलीचं टोक

त्या नगरीचा कारभारी पडद्याआड बसे, आणि पडद्याआडून त्याला कोणीही दिसत नसे, फक्त सावल्या दिसत.

पडदा पांढरा होता, उगवतीकडे तोंड करून टांगलेला. त्याच्या समोर, वस्तीच्या पलीकडे उंचावर, तळ्याचा बांध होता. बांधावरून सूर्य वर आला की ऊन थेट चावडीत शिरे. पडद्यावर मोठी सावली पडली तर कारभारी खाकरून विचारी, "कोण आहे? काय म्हणणं आहे?" आणि बहुधा ते म्हणणं मान्यही करी. लहान सावलीचं काय होतं हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं, कारण एकटं जाऊन आलेला कोणी त्याबद्दल बोलत नसे.

म्हणून नगरीच्या चाकरीतल्यांनी एक मंडळ केलं होतं. पाणी ओढणारा रेडा, ज्याला सगळे आबा म्हणत, तो मंडळाचा कारभार बघे. कचरा वाहणारं गाढव, कोठारावरची मांजर, बांधावर पहारा करणारी टिटवी, असे सभासद होते. मंडळाची रीत सोपी होती. ज्याचं गाऱ्हाणं त्यानं पुढे उभं राहायचं आणि बोलायचं. बाकीच्यांनी मागे एकावर एक चढून नुसती सावली द्यायची. तोंड उघडायचं नाही.

टिटवी अंगानं हलकी आणि पायांनी उंच, म्हणून तिला नेहमी सगळ्यांत वर चढवत. पडद्यावरच्या त्या अवाढव्य सावलीचं टोक म्हणजे टिटवी. सुरुवातीला तिला त्याचा फार अभिमान होता. मंडळाच्या कामाला निघताना ती तळ्याच्या पाण्यात चोच बघून घेई.

मग ते वर्ष आलं.

आधी गाढवाचं काम निघालं. त्याच्या पाठीला जखम झाली होती आणि तरी पाठीवर दोन गोण्या चढत होत्या. मंडळ चावडीवर गेलं, सावली पडली, आणि दोनाची एक गोणी झाली. टिटवीला बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गाढवाला उकिरड्याच्या सावलीत चारही पाय वर करून लोळताना पाहिलं, आणि तिच्या मनात आलं, ह्या लोळण्यात माझेही पाय दुखलेत. ती रोज दुपारी तेवढं बघायला जाऊ लागली.

मग मांजर आजारी पडली. कोठारावर येता येईना, तर दुधाची वाटी बंद. मंडळ पुन्हा गेलं. आजारपणातही वाटी चालू राहिली. टिटवी एकदा वाटीत डोकावून आली. वर साय होती. ती स्वतः दूध पीत नसे, पण साय बघून तिला रात्रभर कसंतरी झालं.

आणि मग साळुंकी आली.

साळुंकी दवंडी द्यायच्या कामावर नवीनच लागलेली. गळा गोड, बोलणं भराभर, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून दादा आणि ताई. तिनं आल्या आल्या मंडळात सांगून टाकलं, "आबा, मला राहायला जागा नाही हो. अंडी घालायची झाली तर काय डोक्यावर घालू?" सगळे हसले. पुढच्याच आठवड्यात सावली पडली आणि चावडीच्या भिंतीतला एक कोनाडा साळुंकीच्या नावे झाला. वर पन्हळ, म्हणजे पाऊस लागायचा नाही. आत कोणीतरी जुनी चिंधीसुद्धा अंथरून दिली होती.

टिटवीनं ती चिंधी लांबून पाहिली. लाल होती.

एवढी वर्षं मी टोकावर उभी, ती स्वतःशी म्हणाली, आणि कोनाडा हिला. तिला हे मात्र आठवलं नाही की मंडळात आबा दर वेळी विचारत, "आणखी कोणाचं काही?" आणि दर वेळी ती सगळ्यांत आधी म्हणे, "माझं काही नाही. माझं कुठे काय असतं?"

टिटव्यांचं असंच असतं. त्या उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालतात आणि आपलं घरटं कुठे आहे ते मरेपर्यंत सांगत नाहीत. कोणी जवळ येऊ लागलं की भलत्याच टोकाला जाऊन आकांत करतात, म्हणजे येणारा तिकडे जातो. ह्या टिटवीचीही चार अंडी बांधाच्या दक्षिण टोकाला होती, खड्यांच्याच रंगाची.

साळुंकी एकदा मुद्दाम बांधावर आली.

"टिटवीताई, तुमचं घर कुठे ते तरी दाखवा. मंडळात घालू ना आपण."

टिटवी लगेच उत्तर टोकाला उडाली आणि तिथून ओरडली, "काय बघायचंय तुला? तुझा कोनाडा पुरेना वाटतं!"

"अहो, चेष्टा नाही करत मी."

"मग जा की. चिंधीला ऊन दाखव जा तुझ्या!"

साळुंकी निघून गेली. टिटवीला आपण जिंकलो असं वाटलं.

वर्षाअखेरची बैठक चिंचेखाली झाली. आबांनी वर्षाचं काम सांगितलं. गाढवाची गोणी, मांजरीची वाटी, साळुंकीचा कोनाडा. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. टिटवी मान ताठ करून आपल्या नावाची वाट बघत होती. शेवटी आबा म्हणाले, "आणि सावली दिल्याबद्दल इतर सर्व सभासदांचे आभार."

इतर सर्व. टिटवीनं आबांचं त्यानंतरचं काही ऐकलं नाही. पलीकडे मांजर साळुंकीला म्हणत होती, "तुझं नाव काय छान घेतलं गं आबांनी!"

चार-दोन दिवसांनी साळुंकीच्याच गोड गळ्यातून दवंडी आली: पावसाआधी तळ्याच्या बांधावर दगडी रूळ फिरवून बांध सपाट करायचा आहे, उद्या सकाळी काम सुरू.

अंडी फुटायला अजून अवकाश होता. आबांकडे जावं, असं एकदा टिटवीच्या मनात आलं. मग तिला दिसलं की आपण पुढे उभ्या आहोत, आणि मागे, सगळ्यांच्या वर, आपल्या जागेवर साळुंकी आहे. उद्या चिंचेखाली तीच म्हणणार, टिटवीताईंसाठी मीसुद्धा उभी राहिले हं. नको. आणि गरज तरी काय होती? कारभाऱ्यानं इतकी वर्षं सावलीचं टोकच तर आधी पाहिलं असेल. तो मला ओळखतो.

तशीच ती चावडीवर गेली. कोवळं ऊन अजून पडद्यावर होतं. ती एकटी पुढे उभी राहिली, छाती फुगवून.

पडद्याआडून आवाज आला, पण तिला नाही. "अरे, पडद्याला काहीतरी लागलंय बघ. खाली, कोपऱ्यात."

एक माकड ओलं फडकं घेऊन आलं. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या सावलीच्या छातीवरून, चोचीवरून ते फडकं घासू लागलं. टिटवी बाजूला सरकली.

"निघालं," माकड समाधानानं म्हणालं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास रूळ बांधावर चढला. ओढायला आबाच होते, कारण नगरीत ओढायचं काम दुसऱ्या कोणाचं नव्हतंच. गाढव मुरुमाची एक गोणी घेऊन मागून येत होतं. काम सुरू झाल्याची हाळी द्यायला साळुंकी होती. मांजरीचं तिथे काहीच काम नव्हतं, पण ती बघायला आली होती.

रूळ बांधाच्या मधोमध आला तशी टिटवी उत्तर टोकाला धावली आणि तिनं आकांत मांडला.

आबा थांबले. "टिटवीचं काहीतरी आहे तिकडे."

"घरटंच असणार," साळुंकी म्हणाली. "आबा, तिकडे नका जाऊ. आधी दक्षिणेकडचं करून घ्या. तोवर बघू काहीतरी."

"बरोबर बोलतेय पोरगी," गाढव म्हणालं.

आणि रूळ वळला. टिटवी आणखी जोरानं ओरडली. ती जितकी ओरडे तितके ते बिचारे घाईनं दक्षिणेकडे सरकत, तिच्या काळजीपोटी. साळुंकी तर पुढे उडून म्हणत होती, "इकडून, आबा, इकडून, तिला घाबरवू नका."

टिटवी गप्प झाली. मग ती धावत, ठेचकाळत आली आणि रुळाच्या समोर, खड्यांवर, पंख पसरून उभी राहिली.

"इथे आहेत," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं 'इथे' हा शब्द खऱ्या जागी उच्चारला होता. "माझी. चार आहेत."

रूळ कुरकुरत थांबला. आबांच्या नाकपुडीची वाफ तिच्या पंखांवर आली.

"अहो ताई, मग सांगायचं की!" साळुंकी म्हणाली. "मी विचारायला आले होते तर माझ्या चिंधीवर घसरलात!"

"तुला मागता येतं," टिटवी म्हणाली. "मला नाही येत. म्हणून तुझा राग येतो."

मांजर पंजा चाटू लागली.

"आता चावडीवर जाईपर्यंत कामावरचा मुकादम येईल, मग रूळ फिरवावाच लागेल," गाढव म्हणालं.

आबांनी मान झटकून जू खाली टाकलं. ते वळून उगवतीकडे पाहत होते. "जायचं कशाला?" ते म्हणाले. "रीत तीच. ज्याचं गाऱ्हाणं तो पुढे."

ते तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांच्यावर गाढव चढलं, गोणी टाकून. गाढवावर मांजर, कुरकुरत. आणि सगळ्यांत वर, टिटवीच्या जागेवर, साळुंकी. तिचे पाय आखूड होते, तिला तोल सांभाळता येईना. टिटवीनं पुढे तोंड केलं आणि पंख उघडे ठेवले.

त्यांच्या पाठीमागून सूर्य पाण्याच्या वर आला. सावली बांधावरून खाली घसरली, छपरांवरून, चिंचेवरून, उकिरड्यावरून लांबत चावडीकडे गेली. टिटवीची नजर सवयीनं टोकावर गेली. साळुंकी किती मोठी दिसते ते तिला बघायचं होतं. तिनं पुन्हा पुन्हा शोधलं. साळुंकी कुठे संपते, मांजर कुठे सुरू होते, आणि आपण स्वतः त्यात नेमक्या कुठे आहोत, ते तिला काही केल्या दिसेना.

चावडीत अंधारल्यासारखं झालं. कारभाऱ्यानं हाक मारली तसं माकड ओलं फडकं घेऊन धावत आलं. पडदा वरच्या दांडीपासून उंबरठ्यापर्यंत काळा होता, आणि अगदी तळाशी, दोन काटकुळ्या पायांच्या मधे, चार लहान गोल ठिपके होते. माकडानं वर पाहिलं, खाली पाहिलं. फडकं एकदा पिळलं. आणि कुठून सुरुवात करावी ते न कळून ते तसंच उभं राहिलं, हातातून पाणी ठिबकत.