कोळथडीचा फोडलेला घाट

बघा, दोन्ही अंगांना पायऱ्या शाबूत, अन् विहिरीसमोर निव्वळ वाळू. पाहुणे म्हणतात, पुरानं घाट नेला. पुराची काय बिशाद! जिनं बांधला तिनंच फोडलाय. मी इथला गुरव. आज्याकडून ऐकलं ते सांगतो. फोटो मागाहून काढा.

गोजराबाई देशमुखीण म्हणून होती म्हणे. नवरा अकाली गेलेला, एकुलता एक मुलगा मल्हारी. तो देवीच्या साथीतून उठला, तेव्हा नदीला बोललेला नवस तिनं फेडला. काठ चिरेबंदी केला, चुन्यात, नखभर फट नाही. गाव हरखलं. अन् पुढच्याच उन्हाळ्यात काठावरची विहीर आटली! नदी वाहतेय, हाकेच्या अंतरावर विहीर कोरडी ठाक. कुणी म्हणालं कोप, कुणी म्हणालं करणी. लोक नदीचं गढूळ पाणी थेट पिऊ लागले आणि घरोघर जुलाब लागले. मल्हारीनंही अंथरूण धरलं.

त्याच्यासाठी पाणी शोधत बाई काठाला आली. घाट संपतो तिथं बायका वाळूत झिरे खणून वाट्यांनी पाणी भरत होत्या. नदी गढूळ, अन् तिच्या कडेच्या खड्ड्यात पाणी नितळ! हे कसं? बाई खाली बसली, वाळूत हात घातला, मग वळून आपल्या घाटाकडे बघत राहिली. विहिरीलाही पाणी या वाळूतूनच गाळून येत होतं. ती वाट आपणच चुन्यानं लिंपली, हे तिला उमगलं.

भावकी आडवी आली. "वहिनी, नवसाचा दगड हलवलात तर पोर हातचं जाईल."

बाईही आईच, भीती वाटणारच. पण म्हणाली, "नदीचा गळा आवळून तिलाच नैवेद्य दाखवू होय? अन् गावाच्या पोरांनी काय पाप केलंय?" पहिली पहार तिनंच घातली, असं सांगतात. वाळू उघडी पडली अन् हळूहळू विहिरीला पाझर फुटले.

पण पूर ओसरला की वाळूवर गाळाची साय धरते, पाझर मंदावतात. म्हणून आजही पाणी उतरलं की आम्ही बैल जुंपून काठची वाळू कुळवतो, साय फोडून मोकळी करतो. नवस फेडायची आमच्याकडे हीच रीत. बांधायचं काही नाही. शेजारची गावं हसतात, नदी कुणी कुळवतं का म्हणून. हसू देत, उन्हाळ्यात टँकर त्यांच्याकडे येतो.

आता विचाराल, मल्हारीचं काय झालं? अहो, कुळवाचा पहिला मान त्याच्याच वंशाचा. यंदा त्याच्या खापरपणतीनं बैल हाकले.