जाळीआडची गादी

"…पण माई, ही भीती बसते तरी कुठं? डोक्यात, की मानेत?"

मठाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या गोदूमाई तांदूळ निवडत होत्या. एक खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

विचारणारी कमळजा. वडील नावाजलेले शास्त्री, त्यामुळे वादात ही कुणाला हार जायची नाही. मठातले पुरुष साधकही तिच्या तोंडी लागत नसत.

पण त्या मठात एक रीत होती. चौकाच्या वर लाकडी जाळीचा सज्जा, आणि जाळीमागं महंत महाराजांची गादी. चौक ओलांडताना बायकांनी मान खाली घालायची, ओठ मिटायचे. महाराज जाळीतून पाहत असतात म्हणे! जिची मान वर दिसली, तिला दिवे लागायच्या आत मठाबाहेर काढत.

उद्या उत्सवाच्या सभेत उभं राहायचं आणि ही रीत मोडा म्हणून जाळीआडच्या महाराजांना सांगायचं, असं कमळजानं ठरवलं होतं. ठरवलं खरं, पण तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. विधवा बाई, मठाबाहेर तिला ना माहेर उरलं होतं, ना सासर.

"पुरुषानं बाईला पाहायचं आणि बाईनं जमिनीला, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? विचारणार आहे मी उद्या. पण जाळीखाली आले की मान आपोआप वाकते, माई. माझीच मान, आणि माझं ऐकत नाही."

माईंनी सूप खाली ठेवलं.

"चल."

"कुठं?"

माईंनी कमरेची किल्ली काढली. त्या सज्ज्याच्या जिन्याकडे वळलेल्या पाहून कमळजानं त्यांचा पदर धरला.

"माई, वर महाराज…"

"चल गं."

दार करकरलं. आत कोणीच नव्हतं. भिंतींना जळमटं, कोपऱ्यात कबुतरांची घाण.

"महाराज कुठंयत?"

"गुडघे गेले त्यांचे. मागच्या खोलीत पडून असतात. वर येऊन वर्षं लोटली."

कमळजाला आधी हसू आलं, मग संताप.

"म्हणजे एवढ्या बायका आम्ही रिकाम्या गादीला भ्यालो? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो हाच!"

"बस जरा. दमलीस."

ती गादीवर टेकली. जाळीतून चौक लख्ख दिसत होता. बायका येत होत्या, जात होत्या. वरून नुसते पदर दिसत. कमळजा पाहत राहिली, आणि पाहता पाहता तिला त्या पाहण्याची गोडी लागली, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात सगुणा आली. नवी पोर. कमरेवर कळशी, मान चांगली वर, आणि चिमण्यांकडे बघून हसतेय. कमळजाला आधी कौतुक वाटलं. मग वाटलं, आम्ही इतकी वर्षं मान मोडून चाललो, आणि ही…

"सगुणे! मान खाली!"

कळशी फरशीवर आदळली. बायका जागच्या जागी थिजल्या. सगुणा जाळीकडे हात जोडून गुडघ्यांवर बसली.

"चुकले, महाराज! पदरात घ्या, महाराज!"

कमळजानं तोंडावर हात दाबला.

"माई… आवाज तर माझा होता. बाईचा. कुणालाच कसा ओळखू आला नाही?"

माई खाली पाहत होत्या. दोघीजणी सगुणेला दंडाला धरून उठवत होत्या. आता तिचं बोचकं बांधलं जाणार, हे कमळजालाही कळत होतं. ती ताडकन उठली, आणि तेव्हा तिला दिसलं. सगळ्या सज्ज्यात बोटभर धूळ होती. गादीवर मात्र कुठंच नव्हती, ती टेकली नव्हती तिथंही.

"माई, इथं कोण बसतं?"

माईंनी गादीवरची सुरकुती हातानं सारखी केली.

"वर महाराज नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं, तर कुणाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. जिला जिला सांगितलं, ती वर आली… आणि बसली."

खालून सगुणेचं रडणं ऐकू येत होतं. एवढी भीती कमळजाला जाळीखालून जातानाही कधी वाटली नव्हती.

"मी जाते, माई. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगते, वर कोणी नाही म्हणून."

माईंनी दार उघडून धरलं.

"जा. आणि हाक कोणी मारली म्हणून सांगशील?"