ठकूची काळी

दिंडोरीच्या उत्तरेला, डोंगराच्या उतारावर आंबेघोळ नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या लाल द्राक्षाला ‘ठकूची काळी’ म्हणतात. मणी करवंदाएवढा, साल जाड, चव आधी गोड आणि मागून तुरट. बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. वाइन करणारे मात्र शोधत येतात. मणी रंगू लागला की महिनाभर या वेलींना थेंबभरही पाणी देत नाहीत. असे का, ते गावातले म्हातारे बागाईतदार यादवतात्या अपसुंदे पाहुण्यांना बांधावर बसवून सांगतात.

फार पूर्वी फौजेच्या तोफखान्यातला एक फिरंगी गोलंदाज तापाने फणफणून गावात मागे राहिला. ठकूबाई नावाच्या एकट्या विधवेने त्याला दीड महिना पेज पाजून उठवले. जाताना त्याने छावणीत जपलेल्या वेलीच्या पाच काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिला दिल्या आणि खुणांनी सांगितले, फळ धरेल तेव्हा येईन.

चार काड्या वाळल्या. पाचवी ठकूबाईने पांगाऱ्यावर चढवली. शेजारच्या वावराचा मालक कोंडाजी तिच्याशी बोलत नसे. बोललाच तर टोमणा मारी. “ठके, पाळणा बांध की तिला. तीट लाव!” त्याचीच म्हैस दोनदा वेलीचा शेंडा खाऊन गेली होती, म्हणे.

चौथ्या वर्षी पहिले घड धरले. त्याच वर्षी विहिरीने तळ गाठला. दोन्ही वावरांना विहीर एकच, पाणी पाळीपाळीने. मणी लाल होऊ लागले आणि कोंडाजीचा गहू चिकात, ऐन दाणा भरण्यावर आला, तेव्हा विहिरीत एका भिजवणीपुरतेच पाणी उरले होते. पाळी ठकूबाईची होती.

सकाळी तिने मोटेला बैल जुंपले, पाट फोडला आणि पाणी गव्हाकडे वळवले. कोंडाजी धावत आला.

“अगं, चुकली तू! पाणी माझ्याकडं येऊ राह्यलं.”

“दिसतंय मला.”

“आन् तुझी येल?”

“येलीच्या घरात सहा तोंडं नाहीत खायला. बडबडू नको, वाफ्यांची दारं धर.”

त्यानंतर तिने वेलीकडे जाणेच सोडले, असे सांगतात. पानांनी माना टाकल्या, मणी फुगायचे थांबले. गहू मळून झाल्यावर कोंडाजी कुदळ घेऊन वेलीपाशी गेला; मेलेली वेल ठकूबाईला स्वतःच्या हाताने उपटावी लागू नये, एवढ्यासाठी. बुंध्याशी वाकताना एक घड त्याच्या मुठीत चुरडला. सालच नव्हे, गरही लाल, आणि रस काकवीसारखा दाट. त्याने बोटे चाटली आणि कुदळ तिथेच टाकून ठकूबाईला हाका मारत सुटला.

गोलंदाज काही आला नाही. त्याच्यासाठी ठकूबाईने रस मडक्यात भरून तोंड बांधून ठेवला होता. दसऱ्यापर्यंत वाट पाहिली, मग मडके उघडले आणि पहिला पेला कोंडाजीच्या हातात दिला. त्या वेलीच्या काड्या पुढे गावभर गेल्या.

आजही आंबेघोळात मणी रंगला की वेलीचे पाणी तोडतात आणि ती पाळी शेजाऱ्याच्या उभ्या पिकाला देतात. विहिरींवर मोटारी बसल्या, ठिबक आले, तरी हे मोडलेले नाही. बोलणे बंद असलेल्या शेजाऱ्यालाही पाणी जाते. यादवतात्यांचे यंदाचे पाणी पलीकडच्या वावरात गेले आहे. त्या मालकाशी त्यांचा बांधावरून सात वर्षे कोर्टात दावा चालू आहे.

“माणूस बेकार आहे,” तात्या म्हणतात, आणि उठून बांधापलीकडे पाहतात. “पण ओंबी बघा, कशी भरलीय.”