खारीची पन्हळ

डोंगरउतारावरच्या एका रानात एक खार राहायची. डोकं भलतंच तल्लख, पण धीर म्हणाल तर नावालाही नाही. रानातला झरा पार कड्यापाशी होता आणि उन्हाळ्यात तिथवर चढताना पिल्लांचे फार हाल होत. खारीला युक्ती सुचली, की बांबू पोखरून एकाला एक जोडायचे आणि पन्हळीने पाणी खाली आणायचं.

त्या रानाची एक रीत होती. ज्याला नवी युक्ती सुचेल, त्याने तिचं चित्र ओढ्याकाठच्या कातळावर कोरायचं. मग ती युक्ती त्याच्या कुळाची. ती वापरणाऱ्यांनी त्या कुळाला बिया द्यायच्या. खार कातळापाशी गेली. पुढच्या बाजूला खारींची चित्रं होती, ती तिने नीट पाहिली. पन्हळ कुठेच नव्हती.

"ताई, मागेही बघून घे. तिकडे बाकीच्यांची चित्रं आहेत," वर बसलेला कावळा म्हणाला.

"मागे काटे आहेत रे. आणि खारींना जे सुचलं नाही, ते दुसऱ्या कुणाला सुचणार?"

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. हिवाळाभर बिया पिकून पडत होत्या, शेजारणी ढोल्या भरत होत्या आणि ही बांबू कुरतडत बसली होती. "उन्हाळ्यात सगळं रान आपल्याला बिया आणून देईल," असं ती पिल्लांना सांगायची.

उन्हाळा लागला आणि पाणी खरंच खाली आलं. खार ऐटीत चित्र कोरायला गेली. पुढे जागा उरली नव्हती, म्हणून काटे सारून मागे वळली आणि तिचे डोळेच पांढरे झाले. तोच झरा, तेच बांबू, तीच पन्हळ. खाली साळिंदराच्या पंजाची जुनी खूण.

"आमच्या पणजोबांची ती," काट्यांतून बाहेर येत म्हातारं साळिंदर म्हणालं. "वणव्यात जळून गेली. पण युक्ती आमचीच, बाई. बिया आमच्याकडे यायच्या."

"मग माझी पिल्लं काय खातील?"

रीत ती रीत.

झाडांखाली आता एकही बी उरली नव्हती. खार पिल्लांना पन्हळीवर न्यायची, पोटभर पाणी पाजायची आणि रिकाम्या ढोलीत परत आणायची. नुसत्या पाण्यावर कोण किती तगणार? धाकटं पिल्लू उन्हाळा संपेपर्यंत राहिलं नाही.

तात्पर्य : कष्ट उपसण्याआधी शोध घ्यावा, आणि तो आपल्या सोयीच्या जागेपुरता घेऊ नये. अर्धवट पाहिलेलं न पाहिल्यासारखंच असतं.