रहाटाला कुणाला जुंपायचं?

एका जंगलात, ओढ्याच्या मऊ काठात बीळ करून, एक सायाळ आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. सायाळ होती रागीट. राग आला की तिच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहायचे आणि चालताना खुळखुळ वाजायचे. तो आवाज ऐकला की बाकीचे वाट सोडून बाजूला व्हायचे. पण मुलांनो, तिला उगाच राग येत नसे. त्या उन्हाळ्यात तर तो यायलाच हवा होता, आणि तो एकट्या तिलाच आला, हीच तर चीड आणणारी गोष्ट.

त्या वर्षी ओढा आटला. जंगलाच्या कडेला माणसांनी सोडून दिलेला एक मळा होता, त्यात विहीर होती आणि विहिरीवर रहाट. रहाट म्हणजे मोठं चाक आणि त्यावर गाडग्यांची माळ. एकाने दांडा छातीने ढकलत गोल गोल फिरायचं, की गाडगी खालून भरून वर येतात आणि पाणी पन्हळीतून दगडी हौदात पडतं. तो हौद भरला की सगळ्या जंगलाची तहान भागली असती. आता दांडा ढकलायचा कुणी, एवढंच ठरायचं होतं. जंगलाची रीत अशी की जो कष्ट करील त्याने आधी पोटभर प्यायचं, मग बाकीच्यांनी, थोरापासून धाकट्यापर्यंत. सायाळीची पिल्लं अर्थातच रांगेत शेवटी.

निवड करायला कोल्हा पुढे झाला. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण पुढे होणाऱ्याला नेमावं लागत नाही. त्याने सगळ्यांना विहिरीभोवती जमवलं आणि एकेकाला दांड्याला लावून बघितलं. रोही, म्हणजे तीच आपली नीलगाय, एका चालीने फिरली. पाण्याची धार बारीक पण न तुटता पडत राहिली. ते बघताना माकडं जांभया देऊ लागली. मग आला हत्ती. त्याने दांड्याला कपाळ लावलं मात्र, चाक घरघरलं, गाडगी एकमेकांवर आपटत वर आली आणि पन्हळ दोन्ही अंगांनी उतू गेली. विहीर अजून कुणी उपसली नव्हती, काठोकाठ भरलेली होती, तेव्हा पाणी कमी पडायचा प्रश्नच नव्हता. माकडांनी टाळ्या पिटल्या. असा गडी शेजारच्या जंगलाकडे नाही, असं कोल्हा सगळ्यांना सांगत सुटला, जणू शेजारच्या जंगलाला दाखवायलाच पाणी काढायचं होतं.

सायाळीने एवढंच विचारलं, "हा स्वतः पिणार किती?"

कोल्हा हसला. "सायाळबाई, लग्नात नवऱ्या मुलाच्या पानावरच्या पुऱ्या मोजतं का कुणी?"

सगळे हसले. ससासुद्धा हसला, ज्याला तिच्या पिल्लांच्या जेमतेम एक पाऊल आधी पाणी मिळणार होतं. काटे खुळखुळवत सायाळ घरी गेली.

हत्ती कामाला लागला. तो दांडा ढकलायचा वाऱ्यासारखा, पण पन्हळ होती हातभर रुंद, तिच्यातून जायचं तेवढंच पाणी जायचं, उरलेलं चिखलात. एवढ्या जोराने फिरून त्याचं अंग तापायचं, मग तो सोंड भरभरून हौदातलंच पाणी पाठीवर उडवायचा. काम थांबलं की रीतीप्रमाणे आधी प्यायचा. काम नसलं, नुसता झाडाखाली उभा असला, तरी प्यायचाच, कारण एवढ्या देहाला उभं राहायलाही पाणी लागतं. त्याचं झालं की गवे, सांबरं, डुकरं. पिल्लांची पाळी येईपर्यंत हौदाच्या तळाला ओल उरायची. सायाळीने पिल्लांना ती दगडावरची ओल चाटायला शिकवलं. कुठल्या आईने काय शिकवायची वेळ यावी!

ती रोज सांगत राहिली, आणि रोज तिला समजुतीचे चार शब्द मिळाले. गवा म्हणाला, थोडं सोसावं. माकडीण म्हणाली, बाई फार तोंडाळ आहे. हत्ती किती जोरात फिरतो ते मात्र सगळे कौतुकाने बघत होते.

मग एका सकाळी गाडगी वर आली ती गाळाने भरलेली. विहिरीचा झरा बारीक होता, तो बिचारा आपल्या गतीनेच पाझरणार. हौदात थेंब पडला नाही आणि सायाळीचं धाकटं पिल्लू उन्हात आडवं झालं. नाकाला माती लागली तरी त्याने ती झटकली नाही. सायाळीने त्याला सावलीत ओढलं, एक ओलं मूळ उकरून त्याच्या तोंडाशी धरलं, मोठ्याला त्याच्यापाशी बसवलं, आणि ती तडक विहिरीवर गेली. सगळे काटे फुलवून ती हत्तीच्या पुढ्यात उभी राहिली. एवढीशी ती, पण हत्ती मागे सरला.

"माझ्या पोराच्या वाटचं पाणी तू पाठीवर ओततोस," ती म्हणाली.

हत्तीने सोंड खाली घातली. "बाई, मी काही चोरून प्यालो नाही. माझं अंगच एवढं. मला दांड्याला लावलं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

तो खरं बोलत होता. सायाळीने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि जमलेल्यांकडे तोंड केलं. आता काटे जसे वाजले, तसे आधी कधी वाजले नव्हते. टाळ्या कुणी वाजवल्या, हसलं कोण, सोसायला सांगितलं कोणी, एकेकाचं तिने सगळ्यांसमोर काढलं. कुणी वर मान करेना. रागाच्या भरात तिने भेकराला बोलावलं. चिमुकलं हरीण ते, पितं ओंजळभर. त्याला दांड्याला लावा, ती म्हणाली. लावलं. झरा तोवर थोडा पाझरला होता, पण भेकराने जीव खाऊन रेटा दिला तरी चाक अर्धं वळायचं आणि मागे यायचं. थकून ते खाली बसलं, आणि हौद कोरडाच.

आपल्या रागाने आपल्यालाही एकच बाजू दाखवली, हे तेव्हा सायाळीला कळलं. हत्तीने सगळं पिऊन टाकलं काय आणि भेकराला काढताच आलं नाही काय, पोराच्या तोंडात पाणी पडत नव्हतं ते नव्हतंच. ती रोहीकडे वळली.

"हौद कधी भरेल?"

"दुपार होईल," रोही म्हणाली. "सकाळीच हवा असेल तर मला लावू नका."

"आणि पिणार किती?"

"घसा ओला होईल तेवढं. उन्हाळ्यात मी पाण्यावाचूनही राहते."

रोही फिरू लागली. झरा जेवढं देत होता, तेवढंच ती काढत होती. पन्हळीतून बारीक धार न तुटता पडत राहिली, थेंब उतू गेला नाही. दुपारी हौद भरला. रीतीप्रमाणे रोहीने आधी तोंड घातलं, आणि यावेळी सगळं जंगल डोळे लावून तिचं पिणं बघत राहिलं. तिने मान वर काढली तेव्हा पाणी बोटभरही उतरलं नव्हतं.

"मी तर म्हणतच होतो," कोल्हा म्हणाला, "रोहीबाईंच्या चालीत दम आहे."

"कोल्होबा," सायाळ म्हणाली, "आजपासून तू माझ्या पोरांच्या मागे उभा राहा."

तिच्या काट्यांकडे बघत कोल्हा मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेला. पिल्लांची पाळी आली तेव्हा हौदात अजून पाणी होतं. धाकट्याला तिने मानेला धरून आणलं आणि हौदाच्या कडेला टेकवलं. आधी त्याने नुसती जीभ लावली. मग पोट फुगेपर्यंत प्यायलं.

मुलांनो, उद्या तुम्ही घरी संगणक आणायला जाल. त्याच्या पोटात जो हिशेब करणारा बसवतात, तो प्रोसेसर, त्याचंही असंच. दुकानात तुम्हाला तो घटकाभर पळवून दाखवतील आणि टाळ्याही वाजवतील. तुमचं रोजचं काम केवढं, तेवढ्यासाठी तो वीज किती पितो, तापतो किती, गार ठेवायला त्याला पंखे किती लागतात, नुसता बसला तरी किती खातो, हे विचारलंत की हसतील. हसू देत. विचारल्याशिवाय उठू नका.

तात्पर्य : कामाला कुणाला लावायचं ते ठरवताना त्याचा जोर आणि त्याची भूक दोन्ही आपल्या गरजेच्या मापाने बघावीत, नुसता जोर बघणारा तहानेने मरतो आणि नुसती भूक बघणाऱ्याचा हौद कोरडा राहतो.